नसलेल्या रस्त्यावरचे रहिवासी

रोम शहराच्या रहिवासी नोंदवहीत व्हिया मोदेस्ता वालेन्ती नावाचा रस्ता आहे. 'व्हिया' म्हणजे रस्ता. या रस्त्यावर हजारो माणसं राहतात असं नोंदवही सांगते. त्यांच्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला हाच पत्ता छापलेला असतो, दवाखान्याच्या आणि मतदार यादीच्या कागदावरही हाच येतो. पण अख्खं रोम पालथं घातलं तरी हा रस्ता सापडायचा नाही. तिथे घरं नाहीत, दुकानं नाहीत, दिव्याचा खांब नाही. नगरपालिकेनं तो फक्त कागदावर आखलेला आहे, ज्यांना घर नाही त्यांची नोंद कुठेतरी करता यावी म्हणून.

आपल्याकडे 'बोगस पत्ता' म्हटलं की पोलीस ठाणं आठवतं. इथे तर सरकारनंच तो तयार केला आहे, तोही उघडपणे आणि कायद्याला धरून. असं का करावं लागलं हे समजून घ्यायचं तर आधी रहिवासी नोंदवही म्हणजे काय ते पाहिलं पाहिजे, कारण त्या अर्थानं भारतात ती नाही. आपल्याकडे जनगणना आहे. ती दहा वर्षांनी एकदा होते (निदान व्हायला हवी), माणसं मोजते आणि बेरीज छापते. तुम्ही जनगणनेत काय सांगितलं ते १९४८च्या कायद्यानं गोपनीय असतं. त्या कागदाच्या आधारे तुम्हाला रेशनही मिळत नाही आणि कोर्टात तो पुरावा म्हणूनही चालत नाही. इटलीत जनगणना आहेच, शिवाय प्रत्येक नगरपालिकेत, म्हणजे तिथल्या 'कोमूने'त, 'आनाग्राफे' नावाची नोंदवही आहे. ती रोज चालू असते. मूल जन्मलं, लग्न झालं, घर बदललं, माणूस गेला, प्रत्येक गोष्ट तिच्यात चढते. पूर्वी प्रत्येक गावाची वही वेगळी होती. आता सुमारे ७९०० कोमूनेंच्या वह्या एका राष्ट्रीय संगणक प्रणालीत जोडल्या आहेत आणि ते काम जानेवारी २०२२ मध्ये पूर्ण झालं.

या वहीवर बाकी सगळं उभं आहे. मतदार यादी तिच्यातूनच आपोआप निघते, वेगळा अर्ज करावा लागत नाही. सरकारी आरोग्यसेवेतला आपला नेहमीचा डॉक्टर निवडायचा तर त्या भागातलं रहिवासी असणं लागतं. ओळखपत्र, सरकारी घरांची यादी, किमान उत्पन्नाची मदत, स्वतःचा धंदा सुरू करण्यासाठीचा कर-क्रमांक, हे सगळं 'तुम्ही कुठले रहिवासी?' या प्रश्नापाशी येऊन अडतं. त्यामुळे वहीतून नाव गेलं की माणूस नुसता बेघर राहत नाही, कागदोपत्री तो उरतच नाही.

आता पत्ता नेमकं काय काम करतो ते पाहू. घर असलेल्या माणसाचा पत्ता एका वेळी तीन प्रश्नांची उत्तरं देतो. हा माणूस रात्री कुठे झोपतो? याला कागद पाठवायचा तर कुठे पाठवायचा? आणि याची जबाबदारी कोणत्या नगरपालिकेची, म्हणजे मदतीचा खर्च कोणी सोसायचा? तिन्ही उत्तरं एकच असल्यामुळे हे तीन वेगळे प्रश्न आहेत हे आपल्या लक्षातही येत नाही. बेघर माणसाच्या बाबतीत ती उत्तरं सुटी होतात. तो आज स्टेशनच्या कमानीखाली झोपतो, उद्या पोलिसांनी उठवलं की नदीकाठी. त्याला निरोप द्यायचा तर दुपारी ज्या अन्नछत्रात तो जेवतो तिथे द्यावा लागतो. आणि जबाबदारी? ती घ्यायला कोणतीच नगरपालिका आपण होऊन पुढे येत नाही. नोंदवहीला माणूस टांगायला खुंटी लागते आणि घर ही सगळ्यात सोयीची खुंटी, एवढंच. ती एकमेव नाही हे इटलीच्या कायद्यानं फार पूर्वीच मान्य केलं.

हा कायदा २४ डिसेंबर १९५४चा. इटलीच्या दिवाणी संहितेत दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. माणूस नेहमी जिथे राहतो ते त्याचं निवासस्थान, आणि त्याच्या व्यवहारांचं, हितसंबंधांचं जे मुख्य केंद्र ते त्याचं 'दोमिचिलिओ'. नोकरदाराच्या बाबतीत दोन्ही बहुधा एकच असतात. सर्कशीतल्या कलावंताचं, जत्रेत पाळणा लावणाऱ्याचं किंवा रस्त्यावर राहणाऱ्याचं तसं नसतं. १९५४च्या कायद्यानं ठरवलं की पक्कं राहण्याचं ठिकाण नसेल तर दोमिचिलिओ ज्या कोमूनेत आहे तिथला तो रहिवासी धरायचा. तेही नसेल तर जिथे जन्मला तिथला. देशात कायदेशीरपणे राहणारा कोणीही वहीबाहेर राहू नये अशी ही बांधणी आहे. नाव नोंदवणं हा हक्क आहे आणि कर्तव्यही. गृहमंत्रालयाच्या १९९५च्या एका परिपत्रकानं आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. माणूस झोपडीत राहतो, फिरत्या गाडीत राहतो की गुहेत, यावरून नोंद नाकारता येत नाही. घर राहण्याजोगं आहे की नाही हे तपासणं या वहीचं कामच नव्हे. माणूस इथे आहे का, एवढंच तिनं टिपायचं.

कागदावर हे फार उदार वाटतं, पण त्याच देशात उलटा प्रकारही झालेला आहे. मुसोलिनीच्या राजवटीत १९३९ साली मोठ्या शहरांकडचे लोंढे रोखण्यासाठी एक कायदा आला. शहरात नोकरी असल्याशिवाय तिथे रहिवासी म्हणून नोंद नाही. आणि नोकरी मिळवायला रोजगार कचेरीत नाव हवं, तर आधी तिथलं रहिवासी असायला हवं. मुसोलिनी गेला, राज्यघटना आली, तरी हा कायदा फेब्रुवारी १९६१ पर्यंत जिवंत होता. दक्षिणेकडून मिलान-तुरिनच्या कारखान्यांत आलेली कितीतरी कुटुंबं त्या काळात शहरात राहून, शहरासाठी राबून शहराच्या वहीत नव्हती. पत्त्याची अट हे माणसांना आत घेण्याचं साधन असतं तसंच बाहेर ठेवण्याचंही.

आता प्रत्यक्ष खिडकीवर काय होतं ते पाहू. समजा, साठीचा एक माणूस आहे. घटस्फोटानंतर घर गेलं, मग काम गेलं, दोन वर्षं तो रोमच्या रस्त्यावर आहे. तो नोंदणी कचेरीत येतो. पहिला प्रश्न ओळखीचा. रस्त्यावर राहणाऱ्याची पिशवी चोरीला जाणं हे ठरलेलंच, म्हणून बहुतेकांकडे कागद नसतो. कागद हरवल्याची पोलिसांत तक्रार करून तिची प्रत आणावी लागते. राष्ट्रीय प्रणाली आल्यापासून एक सोय झाली आहे. त्याचं नाव नि सोळा अक्षर-अंकी कर-ओळख क्रमांक टाकला की तो शेवटचा कुठे नोंदलेला होता ते कारकुनाला समोर दिसतं. मग अर्ज. त्यात तो लिहून देतो की मला पक्कं घर नाही, पण माझं आयुष्य याच शहरात आहे. हे 'आयुष्य' म्हणजे काय ते त्यानं दाखवायचं असतं. मी अमुक अन्नछत्रात जेवतो, तमुक दवाखान्यात माझं औषधपाणी चालतं, या समाजसेविका मला ओळखतात. घरभाड्याच्या कराराऐवजी ओळखीपाळखीचा हा पुरावा.

इटलीत २०१२ पासून नियम आहे की अर्ज आला की कारकुनानं दोन कामाच्या दिवसांत नोंद करून टाकायची, तपासणी मागाहून. तपासणीला ४५ दिवस असतात, आणि त्या मुदतीत पालिकेनं हरकत कळवली नाही तर नोंद पक्की झाली असं समजतात. घर असलेल्याकडे पालिकेचा पोलीस येऊन दारावरची पाटी पाहतो. बेघराच्या बाबतीत दार नाही, म्हणून समाजकल्याण खात्याची माणसं अन्नछत्रात किंवा रात्रनिवाऱ्यात विचारपूस करतात. सगळं जुळलं की वहीत पत्त्याच्या रकान्यात येतं ते व्हिया मोदेस्ता वालेन्ती.

रकाना कोरा का ठेवत नाहीत? कारण यंत्रणेला कोरा रकाना चालत नाही. मतदाराला केंद्र द्यायचं तर रस्ता लागतो, डॉक्टर द्यायचा तर विभाग लागतो, ओळखपत्र छापायचं तर ओळ भरावी लागते. म्हणून इस्तात या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेनं नोंदणी अधिकाऱ्यांना दिलेल्या सूचनांत मार्ग काढला की जमिनीवर नसलेला एक रस्ता वहीत निर्माण करा आणि बेघरांना तिथे नोंदवा. यातला एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या पत्त्यावर हजारो माणसं असली तरी ती एक कुटुंब ठरत नाहीत, प्रत्येकाचं पान वेगळं. हे सांगायची गरज अशी की मित्राच्या घरी आसरा घेऊन तिथला पत्ता दिला तर वही अनेकदा दोघांना एका कुटुंबात घालते. मग दोघांचं उत्पन्न एकत्र धरलं जातं आणि मित्राची सरकारी मदत कापली जाते. म्हणून मित्र आसरा देतो, पण 'पत्ता तेवढा देऊ नकोस' म्हणतो. आपल्याकडे भाडेकरूला राहू देणारे पण करारनामा न करणारे घरमालक ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

रस्त्याला नाव दिलं ती मोदेस्ता वालेन्ती कोण? ती रोमच्या तेर्मिनी या मुख्य रेल्वे स्टेशनाच्या आसपास राहणारी सत्तरीची एक बेघर बाई. ३१ जानेवारी १९८३ रोजी ती स्टेशनजवळ आजारी पडली. रुग्णवाहिका आली, पण अंगावर उवा आहेत म्हणून तिला आत घ्यायला नकार मिळाला. कोणी न्यायचं यावर तासन् तास घोळ चालला आणि मोदेस्ता तिथेच गेली. रोममधला सान्तेजिदियो हा ख्रिस्ती सेवासंघ तेव्हापासून दरवर्षी तिच्या नावानं प्रार्थना करतो आणि रस्त्यावर मेलेल्या इतरांचीही नावं घेतो. पुढे नगरपालिकेनं वहीतल्या रस्त्याला तिचं नाव दिलं. तुरिननं असं कोणाचंच नाव घेतलं नाही. तिथल्या कागदी रस्त्याचं नाव 'व्हिया देल्ला काझा कोमूनाले', म्हणजे साधं 'नगरपालिका भवन रस्ता'.

या दोन नावांत मी तुरिनच्या बाजूनं आहे. मोदेस्ताची आठवण राहावी हा हेतू चांगला, यात शंका नाही. पण नोकरीच्या अर्जावर व्हिया मोदेस्ता वालेन्ती लिहिलं की रोममधला मालक एका क्षणात ओळखतो की समोरचा रस्त्यावरचा आहे. बँकेतही तेच. ओळखपत्र हे माणसाच्या मदतीला दिलेलं, आणि त्याच्याच पाठीवर त्याची कमनशिबी छापलेली. स्मारक करायचं तर चौकात करावं, जिवंत माणसाच्या खिशातल्या कार्डावर नको. एखादं नाकासमोर चालणारं नाव दिलं असतं तर निदान मालकानं ते दुसऱ्यांदा वाचलं नसतं.

नियम इतके चांगले असताना सगळे बेघर वहीत आले असतील असं वाटेल, पण तसं होत नाही. प्रत्येक नाव म्हणजे उद्याचा खर्च, हे नगरपालिकेला पक्कं ठाऊक असतं. म्हणून उघड नकार न देता जास्तीचे कागद मागायचे, समाजसेवकाचं शिफारसपत्र आणा म्हणायचं, दोन महिन्यांनी या म्हणायचं, हे प्रकार चालतात. कागदी रस्ताच न काढलेल्या कोमूने तर असंख्य आहेत. रोममध्ये पूर्वी सेवाभावी संस्था या नोंदणीच्या कामात मध्यस्थ होत्या. २०१७ मध्ये महापालिकेनं ते काम शहराच्या प्रभाग कचेऱ्यांकडे घेतलं. सरकारी काम सरकारनं करावं हे तत्त्व बरोबर, पण अन्नछत्रातल्या ओळखीच्या माणसासमोर बोलणं आणि कचेरीत रांगेत उभं राहणं यात रस्त्यावरच्या माणसासाठी फार फरक असतो.

काही दारं कायद्यानंच बंद केली. २०१४च्या एका वटहुकमाच्या पाचव्या कलमानं ठरवलं की रिकामी इमारत बेकायदा बळकावून राहणाऱ्याला तिथला रहिवासी म्हणून नोंद मागता येणार नाही, वीज-पाण्याची जोडणीही नाही. रोममध्ये अशा इमारतींत लहान मुलांसह अनेक कुटुंबं आहेत. पुढे मुलं आणि दुबळे लोक यांच्यासाठी महापौरांना अपवाद करण्याची मुभा दिली गेली. २०१८ मध्ये दुसरा वटहुकूम आला तो आश्रय मागणाऱ्या परदेशी लोकांवर. त्यांना वहीत घ्यायचं नाही असं ठरलं. २०२० साली इटलीच्या घटनात्मक न्यायालयानं तो भाग रद्द केला, आणि त्यातलं एक कारण लक्षात ठेवण्याजोगं आहे. सुरक्षिततेच्या नावानं केलेल्या या तरतुदीमुळे कोण कुठे आहे हेच सरकारला कळेनासं झालं असतं, म्हणजे कायदा स्वतःच्याच हेतूच्या आड आला असता.

नाव एकदा चढलं की कायम राहतं असंही नाही. पालिकेच्या माणसांनी ठरावीक अंतरानं वारंवार शोधूनही माणूस सापडला नाही तर 'बेपत्ता' म्हणून नाव काढतात. याला साधारण वर्षभर लागतं. घरातून हाकललेला माणूस जुन्या पत्त्यावर सापडणार कसा? म्हणून बेघर झालेल्यांच्या हातून वहीतली जागा नेमकी अशा वेळी जाते. त्याचा फटका मागाहून बसतो. २०१९ ते २०२३ या काळात इटलीत गरिबांना मिळणाऱ्या किमान उत्पन्नासाठी देशात दहा वर्षं राहिल्याचं, आणि त्यातली शेवटची दोन वर्षं सलग, दाखवावं लागे. वहीत खंड पडलेल्या माणसाला हे दाखवणं किती अवघड गेलं असेल ते सांगायला नको.

डॉक्टरची गोष्ट तर विचित्रच. कागदपत्रांशिवाय देशात असलेल्या परदेशी माणसाला इटलीची आरोग्यसेवा एक तात्पुरता क्रमांक देते, त्यावर त्याला उपचार मिळतात. पण इटलीचाच नागरिक, जन्मानं इटालियन, वहीतून नाव गेलेला, त्याला नेहमीचा डॉक्टर मिळत नाही. त्याच्यासाठी फक्त इस्पितळाचा तातडीचा विभाग उघडा. एमिलिया-रोमान्या प्रदेशानं २०२१ मध्ये स्वतःचा कायदा करून ही अडचण आधी सोडवली. देशपातळीवर मोठ्या महानगरांत प्रायोगिक तत्त्वावर डॉक्टर देण्याचा कायदा व्हायला नोव्हेंबर २०२४ उजाडला.

मग वहीत असे किती लोक आहेत? २०२१च्या जनगणनेत इस्तातनं ९६,१९७ माणसं वहीत पक्क्या घराशिवाय नोंदलेली असल्याचं सांगितलं. त्यातली जवळजवळ निम्मी फक्त सहा शहरांत, आणि रोमचा वाटा २३ टक्के. पण २०१४ मध्ये त्याच संस्थेनं १५८ शहरांतल्या अन्नछत्रांत आणि रात्रनिवाऱ्यांत जाऊन पाहणी केली होती तेव्हा आकडा आला होता ५०,७२४. सात वर्षांत बेघर दुपटीनं वाढले असं समजून कोणी भाषण ठोकेल, पण ते चूक ठरेल. वहीच्या आकड्यात रस्त्यावर झोपणाऱ्यांबरोबर फिरता धंदा करणारे येतात, मित्राकडे राहून कागदी रस्त्यावर नाव लावलेले येतात, वस्त्यांमधले लोक येतात. आणि रस्त्यावर असूनही वहीत कधी न आलेले त्यात येत नाहीत. उलट अन्नछत्रातली पाहणी त्या दिवसांत जे जेवायला आले त्यांनाच मोजते. दोन्ही आकडे खरे, फक्त वेगवेगळ्या माणसांचे.

इटलीनं निवडलेल्या वाटेची किंमत कळायची तर जपानकडे पाहावं. तिथेही रोज चालणारी रहिवासी नोंदवही आहे आणि तिच्यावर तितकंच सगळं अवलंबून आहे, पण कागदी रस्ता नाही. ओसाकातल्या कामागासाकी या भागात रोजंदारीवरच्या बांधकाम मजुरांची वस्ती. रोजच्या भाड्यावर खोली मिळते, काम गेलं की खोलीही जाते. हे मजूर वर्षानुवर्षं तिथल्या एका संघटनेच्या इमारतीचा पत्ता रहिवासी म्हणून लावत होते, कारण पत्त्याशिवाय ना पेन्शन, ना वाहन परवाना. एकाच इमारतीत हजारो माणसं राहतात हे अर्थातच अशक्य होतं आणि वर्षानुवर्षं सगळ्यांना ठाऊकही होतं. एके दिवशी ते वर्तमानपत्रांत आलं, आणि मार्च २००७च्या अखेरीस ओसाका महापालिकेनं दोन हजारांहून अधिक नावं एकदम काढली. पुढच्याच महिन्यात स्थानिक निवडणुका होत्या. त्याच शहरात बागेत तंबू ठोकून राहणारा एक माणूस तंबूची जागा हाच माझा पत्ता म्हणून कोर्टात गेला होता. जिल्हा न्यायालयानं २००६ मध्ये त्याला मान्यता दिली, उच्च न्यायालयानं २००७ मध्ये ती फिरवली, आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शेवटचा शब्द दिला की परवानगीशिवाय बागेत उभारलेल्या तंबूची जागा समाजमान्य अर्थानं निवासस्थान होऊ शकत नाही. जपानची वही खरी राहिली. माणसं मात्र वहीबाहेर गेली.

बेल्जियम आणि नेदरलँड्स यांनी मधली वाट काढली. बेल्जियममध्ये गरीब बेघराला गावच्या समाजकल्याण केंद्राचा पत्ता 'संदर्भ पत्ता' म्हणून वापरता येतो. नेदरलँड्समध्ये असा 'पत्रव्यवहाराचा पत्ता' असतो, आणि २०२२ पासून अट पुरी होत असेल तर तो देणं नगरपालिकेवर बंधनकारक आहे, गरज पडली तर स्वतःच्या कचेरीचा. पत्ता खरा असल्यामुळे पत्र खरोखर पोचतं. माझ्या मते इटलीच्या कागदी रस्त्यापेक्षा हे सरस.

आपल्याकडे वही नाही, तरी माणूस कुठे मोजायचा हा प्रश्न सुटलेला नाही. २०११च्या जनगणनेत घर नसलेल्यांची मोजणी एकाच रात्री झाली, २८ फेब्रुवारीला. प्रगणक स्टेशनं, पूल, देवळांचे कट्टे, फुटपाथ असे फिरले आणि त्या रात्री जो जिथे सापडला तिथे त्याची नोंद झाली. देशभरात आकडा आला १७ लाख ७३ हजार, महाराष्ट्रात सुमारे २ लाख ११ हजार. शहरांतली संख्या २००१ पेक्षा वाढली होती, खेड्यांतली घटली होती. ती रात्र निवडण्याचं कारण साधं. ज्याचं ठिकाण रोज बदलतं त्याला दोनदा मोजायचं नसेल तर सगळीकडे एकाच वेळी मोजावं लागतं. पण सकाळी तो उठून गेला की जनगणनेचा नि त्याचा संबंध संपला. फेब्रुवारीच्या या तारखेचा परिणाम घरं असलेल्यांवरही होतो. बीडचा ऊसतोड कामगार तेव्हा साताऱ्या-कोल्हापूरकडे फडावरच्या कोपीत असतो, आणि मोजणीचा पूर्ण काळ तो गावाबाहेर असेल तर तिथेच मोजला जातो. पुढच्या जनगणनेची संदर्भवेळ १ मार्च २०२७ सुरू होण्याच्या मध्यरात्रीची, म्हणजे हंगाम तोच.

रहिवासी नोंदवहीच्या जवळ जाणारी आपल्याकडची एक वही म्हणजे मतदार यादी. १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात 'सर्वसाधारण रहिवासी' असणं पुरे आहे, घर असणं नव्हे. आणि निवडणूक आयोगाचा नियम असा की बेघर माणसानं नमुना ६ मध्ये जिथे झोपतो ती जागा लिहावी. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, रात्री तिथे जाऊन तो खरोखर तिथे झोपतो का ते पाहतो, आणि एकाहून अधिक रात्री पाहतो. तसं आढळलं तर राहण्याच्या जागेचा वेगळा कागदी पुरावा लागत नाही. हा नियम फुटपाथवरच्यांना क्वचितच माहीत असतो, आणि अर्ज घेणाऱ्यालाही कधी कधी नसतो. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी, स्टेशनच्या पुलाखाली अशी अठरा वर्षांवरची माणसं झोपत असतील, तर त्यांना नमुना ६ भरून द्या आणि बीएलओला हा नियम सांगा.